भावाला रात्री "उचलून" नेणारं केंद्र बघितलंय, टाकू का? – जरा सविस्तर उत्तर

प्रश्न वाचला. ज्यांनी थेट उत्तरच उघडलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई पुण्यात नोकरीला आहेत. दादा वय ३८, कराडजवळच्या गावी शेती आणि ट्रॅक्टर भाड्याने देण्याचा धंदा, गेली दोनेक वर्षं सकाळी उठल्यापासून दारू. वहिनी मुलाला घेऊन माहेरी गेल्यात. ओळखीतल्या कुणीतरी एका केंद्राचा नंबर दिला, आणि तिथला माणूस फोनवर म्हणाला की तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री गाडी आणि चार पोरं पाठवतो, उचलून आणतो, तीन महिने ठेवायचं, महिन्याला अठरा हजार, तोवर फोन नाही भेट नाही, १०० टक्के गॅरंटी. आई त्यासाठी पाटल्या मोडायला निघालीय. ताई विचारतायत, हे केंद्र बरोबर आहे का आणि नसेल तर चांगलं केंद्र कुठलं.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. आधी बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात होते, नंतर व्यसनमुक्ती केंद्रात, त्यामुळे दोन्हीकडची बाजू बघितलीय. मी डॉक्टर नाही, औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचं हे कळावं म्हणून आहे, त्यावरून घरी डोस ठरवू नका.

"चांगलं केंद्र कुठलं" हा प्रश्न मला जवळजवळ रोज येतो, आणि मी तो दरवेळी फिरवून दोन प्रश्न करते. पहिल्या पाच दिवसांत या माणसाच्या शरीराकडे कोण बघणार? आणि बाहेर आल्यावर पुढचं वर्षभर याच्याबरोबर कोण असणार? मधला जो महिना-दीड महिना असतो, म्हणजे सकाळची प्रार्थना, योगा, ग्रुप, लेक्चर, डायरी लिहिणं, समुपदेशन, तो बऱ्यापैकी चालणाऱ्या सगळ्या केंद्रांत थोड्याफार फरकाने सारखाच असतो. खरा फरक पडतो सुरुवातीला आणि शेवटी, आणि जाहिरातीत नेमकं त्याबद्दलच काही नसतं. तिथे गार्डनचे फोटो असतात.

आधी सुरुवातीचं, कारण तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटतेय. तुम्ही लिहिलंय की सकाळी दादांचे हात थरथरतात आणि एक क्वार्टर पोटात गेली की थांबतात. म्हणजे शरीराला दारूची सवय लागलीय, हा आता नुसता मनाचा किंवा संगतीचा मामला राहिलेला नाही. अशा माणसाची दारू एकदम बंद झाली की साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या, धडधड, झोप उडणं हे सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भ्रम होतो, म्हणजे कुठे आहोत कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात, ताप चढतो, बीपी वाढतं. गावाकडे अशा वेळी "काहीतरी बाहेरचं आहे" म्हणून लिंबू उतरवत बसतात आणि हातातला वेळ जातो. या भ्रमाच्या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो, आणि वेळेत मिळाले तर बहुतेक जण काही दिवसांत सावरतात. आता तुम्हीच विचार करा, रात्री अकराला चार पोरांनी उचललं, धरपकड झाली, पहाटे कुठल्यातरी खोलीत कोंडलं, तिथे डॉक्टर "आठवड्यातून दोनदा व्हिजिटला येतात". दुसऱ्या रात्री फिट आली तर तिथे कोण आहे? वॉर्डन. तो बहुतेक वेळा तिथलाच जुना पेशंट असतो.

म्हणून कुठल्याही केंद्राला फोन केलात की पहिला प्रश्न हाच: रात्री डॉक्टर किंवा निदान नर्स जागेवर असते का, आणि फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता, किती वेळात? ज्यांच्याकडे खरी व्यवस्था आहे ते लगेच सांगतात, हॉस्पिटलचं नाव घेऊन सांगतात. ज्यांच्याकडे नाही ते "आपल्याकडे असं काही होत नाही" म्हणतात. हे वाक्य ऐकलंत की फोन ठेवून द्या.

विड्रॉलमध्ये, म्हणजे दारू बंद झाल्यावरच्या या त्रासात, डॉक्टर साधारण काय करतात तेही माहीत असू दे. थरथर आणि फिट आवरायला ठरावीक गटाच्या गोळ्या (क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लिव्हर खराब असेल तर बऱ्याचदा लोराझेपाम) जास्त डोसने सुरू करून काही दिवसांत कमी कमी करत बंद करतात. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून त्या दोन-तीन महिने घरच्यांच्या हातात देऊन ठेवायच्या नसतात. दुसरं म्हणजे थायमिन, व्हिटॅमिन बी-वन. रोज पिणाऱ्या माणसाच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं, आणि ते न देता आधीच ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, डोळे-चाल बिघडते, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आपल्याकडे "सलाईन लावलं की उतरते" ही समजूत घट्ट आहे आणि गावचे डॉक्टरही पेशंटच्या आग्रहाला बळी पडतात. तेव्हा सलाईन लावायची वेळ आली तर "आधी थायमिनचं इंजेक्शन दिलं का" एवढं विचारा, कुणाला राग आला तर येऊ दे.

कुणाला थेट केंद्रात न नेता आधी हॉस्पिटललाच न्यायचं? आधी कधी दारू सोडताना फिट आलेली असेल, डोळे पिवळे झाले असतील, पोटात पाणी झालं असेल, रक्ताची उलटी किंवा काळी डांबरासारखी शौचाला होत असेल, शुगर-बीपी-टीबी असं काही बरोबर असेल, जीव द्यायचं बोलत असेल, किंवा दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू असतील. दादांना गेल्या दिवाळीत "चक्कर येऊन दातखीळ बसली" असं तुम्ही लिहिलंय ना, ती फिट असण्याची शक्यता मी धरून चालते. त्यामुळे माझ्या मते पहिला मुक्काम हॉस्पिटल. सातारचं जिल्हा रुग्णालय, मिरज-सांगलीचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा तुम्ही पुण्यात आहात तर ससून, यापैकी जे सोयीचं असेल तिथे मानसोपचार विभागात दाखवायचं, लिव्हर, शुगर, सोडियम-पोटॅशियम, प्लेटलेट, सोनोग्राफी हे सगळं बघून तेच ठरवतील की ॲडमिट करायचं का. सरकारी वॉर्ड म्हटलं की लोक नाक मुरडतात, गर्दी असते, नातेवाइकाला खाली सतरंजीवर झोपावं लागतं, सगळं खरं. पण रात्री दोनला फिट आली तर तिथे डॉक्टर असतो, आणि मला तरी रंगवलेल्या भिंतींपेक्षा ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आईंच्या पाटल्यांचंही इथेच सांगून टाकते. त्या आत्ता मोडू नका. पहिल्या टप्प्याला सरकारीत खर्च फारसा येत नाही, पैसा खरा लागणार आहे तो पुढे वर्षभर, औषधं, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. आणि मेडिक्लेम असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका, दारू-ड्रग्सच्या व्यसनावरचे उपचार बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेले असतात, आधी पॉलिसीतलं ते कलम वाचा.

सगळ्यांनाच ॲडमिट व्हावं लागतं असंही नाही. रोज रात्री पिणारा, सकाळी हात न थरथरणारा, घरात बायको-आई लक्ष द्यायला असलेला माणूस ओपीडीत येऊन, गोळ्या घेऊन, समुपदेशन घेऊन सोडू शकतो, आणि असे खूप जण मी बघितलेत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं होतं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठल्यातरी प्रकारचा उपचार मिळतो आणि ॲडमिट होऊन उपचार १८० जणांमागे एकाला. याचं एक कारण माझ्या मते हेच की आपल्या डोक्यात उपचार म्हणजे "केंद्रात टाकणं" एवढंच बसलंय, मग ते टाळायला माणूस सहा-सात वर्षं काढतो. "श्रावण पाळतो की, महिनाभर हात लावत नाही, मग व्यसनी कसा" हेही ऐकते. गटारीला तीन दिवसांचं पिऊन श्रावण काढता येतो, प्रश्न श्रावण संपल्यावर काय होतं हा असतो. माळ घालून सोडणारे मात्र आहेत, खरोखर सुटलेले आहेत, त्यांना मी हसत नाही. फक्त माळ घालायच्या आधी हात थरथरत असतील तर डॉक्टरला भेटून मग घाला, विड्रॉल माळकऱ्यालाही तसाच येतो.

आता त्या "उचलून आणतो" बद्दल. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ हा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि त्यात दारू-ड्रग्समुळे झालेल्या मानसिक अवस्थाही येतात. त्यानुसार माणूस स्वतःहून दाखल झाला तर तो स्वतःहून बाहेरही पडू शकतो, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचं असेल तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरे एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, दोघांनी स्वतंत्रपणे तपासून लिहून द्यावं लागतं की हा स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नाही. पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीचा, तो नसेल तर सहसा नातेवाइकाचा अर्ज लागतो, मुदत ३० दिवसांपर्यंत, आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवावं लागतं. म्हणजे रात्रीची गाडी आणि चार पोरं हा प्रकार या सगळ्यात कुठेच बसत नाही. त्यातून शेतीच्या वाटणीचा वाद असलेल्या घरात सख्ख्या भावानेच भावाला असं उचलायला लावलंय अशीही प्रकरणं माझ्यासमोर आलीत, म्हणून मी या बाबतीत जरा कडक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, जो माणूस पहाटे बांधून नेलेला असतो त्याचे पहिले पंधरा-वीस दिवस "माझ्या बहिणीने मला फसवलं" यातच जातात, आणि बाहेर आल्यावर तो आधी हिशोब चुकता करतो, म्हणजे पितो.

याच कायद्यात पेशंटला साखळीने बांधायला बंदी आहे, जबरदस्तीने टक्कल करायला बंदी आहे, आत काम करायची सक्ती करता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा आणि नातेवाइकांना भेटायचा-बोलायचा हक्क आहे. केंद्राची राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. "आमची ट्रस्टची नोंदणी आहे" हे वेगळं, तो धर्मादाय आयुक्तांकडचा कागद, त्याचा उपचारांशी संबंध नाही. नोंदणीचं सर्टिफिकेट बघायला मागा आणि त्यावरची तारीख बघा.

फोन-भेटीबद्दल थोडं सबुरीने बोलते. पहिला आठवडाभर फोन मर्यादित ठेवणं यात काही गैर नाही. विड्रॉलमध्ये माणूस घरी फोन करून रडतो, शिव्या देतो, "मला इथे मारतात" सांगतो, आई विरघळते आणि चौथ्या दिवशी घेऊन येते, हे इतक्यांदा होतं की केंद्रवाले वैतागतात. पण तीन महिने एकही भेट नाही याला उपचाराच्या दृष्टीने काही कारण नाही. आणि कधीकधी "मला मारतात" हे खरंही असतं. केंद्रातल्या मारहाणीच्या, मृत्यूच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्यात नातेवाइकांना आठवडेच्या आठवडे आत जाऊ दिलेलं नव्हतं हे बऱ्याचदा पुढे येतं.

जाऊन बघा. आपल्याकडे लग्नाचं कार्यालय ठरवताना माणसं स्वयंपाकघर, संडास, पाण्याची टाकी सगळं बघून येतात आणि भावाला मात्र फोनवर, गुगल पेवर ॲडव्हान्स टाकून ठेवतात. न सांगता जा, साध्या वारी, दुपारी. खोलीत माणसं किती, खिडक्या उघडतात का, आग लागली तर कुलपाची किल्ली कुणाकडे, जेवण काय, दारूवाले आणि गंभीर मानसिक आजारवाले एकाच खोलीत कोंबलेत का, त्यात सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत का. तीन-चार आठवडे झालेल्या एखाद्या पेशंटशी बोलू द्या म्हणून सांगा. मी तिथे एकच गोष्ट बघते, माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधी तो स्टाफच्या तोंडाकडे बघतो का. बघत असेल तर मला बाकी काही विचारायची गरज राहत नाही.

स्टाफमध्ये जुने, सावरलेले पेशंट असणं हे वाईट लक्षण नाही, उलट मी म्हणेन असावेतच. नव्या पेशंटची थाप त्यांना अर्ध्या वाक्यात कळते आणि "मी पण इथेच याच कॉटवर होतो" हे जे ते सांगू शकतात ते मी कितीही शिकले तरी मला सांगता येणार नाही. पण त्यांच्यावर शिकलेला समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ हवा. नुसत्या जुन्या पेशंटांच्या हातात किल्ल्या दिल्या की जो काल मार खात होता तो आज मारतो.

मुदतीबद्दल. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा कार्यक्रम साधारण ३५ दिवसांचा, काही ठिकाणी महिना, काही ठिकाणी तीन, सहा. जास्त दिवस म्हणजे जास्त गुण असं काही नसतं. काहींना लांब मुक्काम खरंच लागतो, उदाहरणार्थ घरच नाही, किंवा घरात सगळेच पिणारे, किंवा अनेक वेळा परत परत सुरू झालेलं. पण जिथे महिन्यावर फी आहे तिथे "अजून तयार नाही झाला, एक महिना वाढवा" हा फोन येतोच, तेव्हा तयार नाही म्हणजे नेमकं काय, कुठली गोष्ट झाली की सोडणार, हे विचारायचं. आणि १०० टक्के गॅरंटी देणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडायचं. व्यसन परत परत उलटणारा आजार आहे. मी केंद्रांना विचारते, तुमच्याकडे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा येणारे पेशंट आहेत का? प्रामाणिक माणूस म्हणतो "बरेच आहेत हो". लोकांना याचा अर्थ केंद्र फेल असा वाटतो. मला वाटतं, घसरल्यावर माणसाला तिथे परत यायची लाज वाटली नाही, हे त्या केंद्राचं कौतुकच आहे.

नावं हवीत म्हणून दोन सांगते, ही जाहिरात नाही आणि वरचे सगळे प्रश्न यांनाही विचारायचेच. मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. सुनंदा (अनिता) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून येरवड्याला सुरू केलं, तेव्हा गर्दची (ब्राउन शुगरची) साथ होती, आता दारूचे पेशंट मोठ्या संख्येने असतात. त्यांचा पेशंटच्या पत्नींसाठीचा सहचरी गट आहे, आणि व्यसन असलेल्या स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे, कारण स्त्रियांची सोय आपल्याकडे फारच कमी ठिकाणी होते. मुंबईकडच्यांना कृपा फाउंडेशन माहीत असेल, फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेलं, वसईलाही त्यांचं केंद्र आहे. याशिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, त्यांची माहिती १४४४६ या हेल्पलाइनवर मिळते. आणि नुसतं बोलायचं असेल, काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे.

तुमच्या प्रश्नात दारूच आहे, पण हे उत्तर ब्राउन शुगर किंवा वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनवाल्यांच्या घरचेही वाचत असतील, त्यांच्यासाठी एकच पण महत्त्वाचं. या नशेत महिना-दोन महिने आत राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर येऊन माणसाने जुन्या सवयीने जुना डोस घेतला तर श्वास बंद पडून जाऊ शकतो. म्हणजे डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध लांब काळ देण्याची पद्धत आहे, ते डॉक्टरांमार्फत मिळतं का हे विचारूनच केंद्र ठरवा. "आम्ही गोळ्याबिळ्या देत नाही, फक्त मनोबल" असं म्हणणाऱ्यांकडे या पेशंटला ठेवू नका.

आता दुसरं टोक, बाहेर आल्यावरचं वर्ष. इथे दादांच्या बाबतीत मला घर, गाव आणि ऊस हे तिन्ही दिसतात. केंद्र लांबचं निवडायचा मोह होतो, गावात कळायला नको म्हणून. गावाला तसंही माहीत असतं, फक्त तुमच्यासमोर बोलत नाहीत. लांबच्या केंद्रात उपचार होतात पण फॉलोअप होत नाही, सहाशे रुपये भाडं आणि अख्खा दिवस घालवून दर पंधरा दिवसांनी कोण जाणार. त्यामुळे दोन-तीन तासांत पोचता येईल असं बघा. डिस्चार्जच्या आधीच विचारा, पहिली फॉलोअपची तारीख कुठली, आला नाही तर तुमच्याकडून फोन येतो का, जवळपास एएची मीटिंग कुठे आणि कुठल्या वारी. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, फी नसते, मीटिंगा मराठीतही चालतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. वहिनींना त्यात नक्की पाठवा, दादा जावोत न जावोत.

औषधंही असतात हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. पिण्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, शिवाय डायसल्फिराम, जे घेतल्यावर दारू प्यायली तर उलट्या, लाल होणं, बीपी पडणं असा जोरदार त्रास होतो. कुठलं कुणाला, ते लिव्हर-किडनीच्या रिपोर्टवर ठरतं. डायसल्फिराम फक्त पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. वर्तमानपत्रात "नकळत दारू सोडवा" म्हणून ज्या पावडरी येतात त्यांत काय असतं ते छापलेलंही नसतं, त्या आमटीत कालवू नका. डायसल्फिराम असं चोरून दिलं आणि वर तो प्यायला तर हार्टवर येऊ शकतं.

आणि डिस्चार्जची तारीख कॅलेंडर बघून ठरवा. गावची जत्रा, भावकीतलं लग्न, कारखान्याचं उसाचं बिल खात्यावर पडायचा आठवडा, यात माणसाला घरी आणू नका. बिलाचे पैसे पहिले काही महिने वहिनी किंवा आईच्या खात्यावर जाऊ देत, पण हे दादांशी बोलून, त्यांनीच कबूल केलेलं असू दे, एटीएम कार्ड लपवून नाही.

फोनवर विचारायचं ते एका जागी लिहून ठेवते, म्हणजे कागदावर उतरवता येईल: रात्री कोण असतं आणि फिट आली तर कुठे नेता, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, नोंदणीचा कागद, फोन-भेट कधीपासून, घरच्यांसाठी काय आहे, महिन्याच्या फीमध्ये औषधं-तपासण्या धरल्यात का, आणि डिस्चार्जनंतर काय.

राहिलं ते दादांना तयार कसं करायचं. सगळी भावकी बसवून पंचायत करू नका. प्यायलेले असताना तर बोलूच नका. पहाटे उठल्यावर, झोप नाही, हात थरथरतायत, ढेकर-जळजळ चालू आहे, तेव्हा त्यांचं ज्याच्याशी पटतं असा एकच माणूस, मामा म्हणा, मित्र म्हणा, त्याने म्हणायचं की चल, हाताचं आणि झोपेचं डॉक्टरला दाखवू, दारूचंही बोलू, ॲडमिट व्हायचं का ते डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून ठरवू. यात खोटं काही नाही आणि बरेच जण एवढ्याला तयार होतात. केंद्रात जायचं का आणि कुठल्या, हे दोन पर्याय समोर ठेवून त्यांनाच निवडू द्या. वहिनींनी "सोडली तरच येईन" म्हणायचं असेल तर तेवढंच म्हणावं जेवढं त्या खरंच पाळणार आहेत.

तोवर घरच्यांनी क्वार्टर लपवून किंवा ओतून देऊन एकदम बंद करू नका, ते फिटचं मी वर सांगितलंय. आणि मधेच उलट्यांमुळे वगैरे दारू आपोआप बंद पडली आणि दादा बरळायला लागले, ताप आला, किंवा फिट आली तर केंद्राला फोन करत बसू नका, १०८ बोलवा. त्या केंद्राला ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर पत्ता तरी देऊ नका.

लिव्हरचे रिपोर्ट आणि डॉक्टर काय म्हणाले ते आलं की इथेच खाली लिहा, रिपोर्टवरचं नाव-गाव झाकून. मग केंद्र लागेल का आणि किती दिवसांचं, हे जास्त नेमकं बोलता येईल.